घरात जे जड होतं ते

पेद्रा दो सिनो, १९ जानेवारी

जुरेमा,

पाकिटावरचं अक्षर ओळखूनही तू हे फाडून टाकलं नाहीस, म्हणजे अर्धं काम झालं. फोनवर तू मला आणि आईला बंद करून ठेवलं आहेस. कागदाला तशी सोय नाही. पोर्तुगालमधला, ब्रागाचा तुझा पत्ता मावशीच्या सुनेकडून काढला. तिच्यावर डाफरू नकोस, बिचारीला मी गरम चीजपाव खाऊ घालून फितवलं.

मागण्यासाठी लिहीत नाही, हे आधीच सांगते. नुसती खबर द्यायची आहे.

खबर अशी की मी आता सत्तर किलोची आहे. तू मला शेवटचं पाहिलंस ते बाबांच्या मयताला, तेव्हा मी एकशेतीसची होते. त्यानंतर वर्षभराने जठर छोटं करून घेतलं. तुझ्या बोलण्यामुळे नाही, गुडघ्यांमुळे. थोडं बोलण्यामुळेही असेल, पण डॉक्टरांना मी गुडघेच सांगितले. आता चार घास खाल्ले की पोट भरतं, आणि गोड पोटात गेलं की घाम फुटतो, छाती धडधडते, आडवं पडावं लागतं. एवढं सोडलं तर छान आहे.

मात्र साठ किलो गेले आणि त्यांची पिशवी मागे राहिली. पोटाची कातडी मांडीपर्यंत लोंबते. तिला इथे सगळे एप्रनच म्हणतात, डॉक्टरसुद्धा. शाळेच्या स्वयंपाकघरात मी एक एप्रन बांधते आणि त्याच्या आत दुसरा देवाने बांधलेला. घडीत घाम साचतो, चट्टे उठतात. बाळांना लावतात तसं कॉर्नफ्लोअर भुरभुरवून दिवस काढते. आंघोळीला एका हाताने ती उचलून धरायची, दुसऱ्या हाताने साबण लावायचा.

बेलो होरिझोन्तेच्या मोठ्या सरकारी इस्पितळात ती काढून देतात. दोन वर्षं रांगेत होते, नाताळाच्या आधी नंबर लागला. पण डॉक्टर मिरेला म्हणून एक बाई आहेत, त्यांनी अट घातली. म्हणाल्या, "वाढत्या पोराचा कोट कुणी शिंपी बेततो का? आधी अंग एका जागी थांबू दे. अजून उतरलीस तर परत लोंबेल, वाढलीस तर शिवण ताणेल." सहा महिने, दर महिन्याला, त्यांच्याच काट्यावर वजन. सत्तरच्या दोन किलो खाली चालेल, दोन किलो वर चालेल. त्याच्या बाहेर एकदा जरी गेले तरी नाव परत रांगेच्या शेवटी.

आयुष्यात पहिल्यांदाच मला कुणी कमी हो म्हटलेलं नाही. थांब म्हटलंय. हे गल्लीत कुणाला पटवून सांगणार? भेटेल तो म्हणतो, "अजून पाच उतरव, मग बघ कशी दिसतेस!"

आई बरी आहे. तुझं नाव घेत नाही. म्हणजे माझ्यासमोर घेत नाही.

निल्सेया


पेद्रा दो सिनो, २३ फेब्रुवारी

जुरेमा,

उत्तर आलं नाही. येईल असं मी म्हटलंही नव्हतं.

कार्निव्हल पार पडला आणि काटा सत्तरवरच आहे. डॉक्टरीणबाईंनी पाठ थोपटली. परतताना नगरपालिकेची व्हॅन चौकात सोडते, तिथून मी अबिलियुकाकांच्या औषधाच्या दुकानात जाऊन पुन्हा वजन करते. मनाची खात्री. त्यांचा काटा अजून दाराशीच आहे आणि त्यांचा आवाज अजून तसाच. "सत्तर!" म्हणून ओरडले. खोकल्याचं औषध घ्यायला आलेल्या बायकांनी टाळ्या वाजवल्या. माझ्या पोटात काय शिजतं ते या गावात माझ्याआधी रस्त्याला कळतं.

स्वयंपाकघरात माझ्याबरोबर झुलेइदे म्हणून आहे, तू गेल्यानंतर लागली. दोन बाळंतपणांनंतर तिने शस्त्रक्रियेने पोट ओढून घेतलं, आणि नवी बेंबी कशी जमलीय ते भेटेल त्याला दाखवते. पाद्रीबाबा तेवढे वाचलेत. मला म्हणते, "एवढं कापड उरलंय तर वाया घालवू नकोस, उशीला अभ्रा होईल." हसून हसून माझ्या हातातला झारा खाली पडला. अशी थट्टा मला चालते. तुझी चालली नाही, कारण तू मयताला आलेल्या लोकांसमोर केलीस.

आईचं काहीतरी चाललंय. देवघरातला संत अंतोनी तिने घेवड्याच्या बरणीत उलटा खोचून ठेवला आहे, डोकं दाण्यांत, पाय वर. नवरा मिळेपर्यंत पोरी त्याला अशीच शिक्षा देतात, म्हणून मला वाटलं माझ्यासाठी नवरा मागतेय. या वयात! विचारलं तर म्हणाली, "त्याचं त्याला माहीत आहे." नवरा नको बाई, मला कातडीचंच ओझं पुष्कळ आहे.

आता एक गोष्ट सांगते, ती मागणी नाही असं समज. शस्त्रक्रियेनंतर दोन आठवडे सरळ उभं राहता येत नाही. म्हातारीसारखं वाकून चालायचं, अर्धवट बसून झोपायचं, पातेलंसुद्धा उचलायचं नाही. घरचं माणूस सोबत असल्याशिवाय इस्पितळ भरती करून घेत नाही. आई एकोणऐंशीची झाली, तिलाच उठायला हात द्यावा लागतो. झुलेइदेने रजा घेतली तर शाळेतली पोरं उपाशी राहतील. डॉक्टरीणबाईंनी विचारलं, सोबत कोण? माझ्या तोंडून तुझं नाव निघालं.

"कुठे राहते बहीण?"

"जवळच," मी म्हटलं.

पोर्तुगाल जवळ नाही हे मला माहीत आहे.

निल्सेया


पेद्रा दो सिनो, २७ मार्च

जुरेमा,

बहात्तर. आणि वर काट्याने जरा मान हलवली. डॉक्टरीणबाईंनी मला चपला काढायला लावल्या, केसातला चाप काढायला लावला, तेव्हा कुठे बरोबर बहात्तरवर थांबला. त्या हसल्या नाहीत. "निल्सेयाबाई, ही शेवटची पायरी. पुढच्या महिन्यात याच्या वर दिसलीस तर मला काही करता येणार नाही. तुझ्यामागे उभ्या असलेल्या बायका मला दिसतात."

मी काही खाल्लं नाही. शप्पथ. ईस्टरच्या आधीचा लेंटचा उपास चालू आहे, मांस नाही, रविवारचा केक नाही. शाळेत पोरांचा भात चाखते तोसुद्धा चमच्याच्या टोकाने. आणि तरी संध्याकाळी पेज प्यायल्यावर घाम फुटतो, छाती धडधडते. माझं मलाच कळेना. झोपेत उठून खाते की काय, असंही मनात आलं.

अबिलियुकाकांच्या दुकानात या वेळी गेलेच नाही. मागच्या गल्लीने घरी आले. तरी संध्याकाळी काका स्वतः दारात आले, "काटा तुझी वाट बघतोय" म्हणून. मी म्हटलं, "त्याला म्हणावं, आज माझं डोकं दुखतंय."

मी घाबरले आहे जुरेमा. तू म्हणशील, एवढं काय, कातडीच तर आहे. पुष्कळ जण म्हणतात, जीव वाचला ना, चालतेस फिरतेस ना. हो, चालते. पण चालताना ती माझ्या आधी चालते. बसमध्ये बसले की मांडीवर कुणाचं तरी पोर घेऊन बसल्यासारखी असते, आणि ते पोर मला नको आहे. मला वाकून बुटाची नाडी बांधायची आहे. मला दोन्ही हातांनी आंघोळ करायची आहे. छान दिसायचं नाही असंही मी म्हणणार नाही. दिसायचंही आहे. इथे कुणाला नाही दिसायचं?

चिडलेच आहे तर तेही लिहिते. बाबांची शवपेटी उचलत होते तेव्हा तू अंगणात सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणालीस, "बाबांना सहा माणसं पुरली. निल्सेयाच्या वेळी ट्रॅक्टर सांगावा लागेल." चुलतभाऊ हसला. पाद्रीबाबासुद्धा खोकले. मग आईने तुझ्या थोबाडीत मारली आणि "माझ्या दारात परत पाय ठेवायचा नाही" म्हणाली. तू तशीच, चहाचा कप ओट्यावर ठेवून निघालीस. मी मागच्या खोलीत जाऊन सहा चीजपाव खाल्ले. रडता रडता खाल्ले, आणि चवही लागत होती.

तू दुःखात बोललीस हे मला तेव्हाही कळत होतं. बाबा तुझे जास्त होते. पण कळून राग जात नाही.

निल्सेया


पेद्रा दो सिनो, २५ एप्रिल

जुरेमा,

तुझं पार्सल मिळालं.

चिठ्ठी नाही, ओळ नाही, खोक्यावर तुझं नाव आणि आत फक्त शस्त्रक्रियेनंतर बांधायचा पट्टा. म्हणजे माझी पत्रं तू वाचतेस. मी तो खुर्चीवर ठेवून बराच वेळ बघत बसले. मग बांधून पाहिला. दोनदा गुंडाळला तरी सैल! आत आईसुद्धा मावली असती. तू मला शेवटचं ज्या मापात पाहिलंस त्या मापाचा घेतलास. साहजिक आहे, तुला दुसरी मी माहीतच नाही. झुलेइदे म्हणाली उसवून आत घेऊ. मी नको म्हटलं.

पण आईचं काय सांगू! खोकं बघितल्याबरोबर तिने बरणीतून संत अंतोनीला उपसला, फडक्याने त्याचं डोकं पुसलं, मुका घेतला, आणि परत उलटा खोचला. "अर्धंच काम केलंयस," त्याला म्हणाली.

तेव्हाच मला संशय यायला हवा होता. आला तो परवा सकाळी. शाळेला सुट्टी होती हे ती विसरली. मी स्वयंपाकघरात शिरले तर ही बया माझ्या सुपाच्या पातेल्यापाशी, हातात डुकराच्या चरबीचा डबा, आणि चमचा वाजू नये म्हणून बोटाने ढवळतेय.

"आई, हे काय?"

"चरबी. आंधळी आहेस का?"

"माझ्या सुपात?"

"मग काय पाद्रीबाबांच्या सुपात?"

फडताळ उघडलं. मागच्या बाजूला आटीव दुधाचे रिकामे डबे, एकात एक घालून, वर पिशवी झाकलेली. संध्याकाळची पेज. माझा घाम, माझी धडधड. मी तिला काय काय बोलले ते लिहीत नाही. मी इतकी ओरडले की शेजारचं कुत्रं भुंकायला लागलं. म्हटलं, मला दोन वर्षांनी मिळालेली तारीख तू चमच्याने घालवतेयस! तुला मी तशीच हवी आहे का, जाडी, घरात बसलेली, कुठे न जाणारी?

ती स्टुलावर बसली. डबा मांडीवर. आणि सांगायला लागली.

जुरेमा, तिने नवस बोलला आहे. तू गेलीस त्याच महिन्यात. हरवलेलं शोधून देणारा संत अंतोनी, म्हणून त्याच्याकडे गेली. त्याचा नवस कसा असतो तुला आठवत असेल, तेरा जूनला चौकात तराजू लावतात, एका पारड्यात माणूस, दुसऱ्यात त्याच्या भाराचे पाव, आणि ते पाव गरिबांना. ज्याच्यासाठी मागायचं त्यालाच बसवायचं अशी रीत. पण तू कुठे होतीस बसायला?

"मग तिच्या जागी मी तुला लिहून दिलं," आई मला म्हणाली. "घरात जे जड होतं ते मी कबूल केलं. जुरेमाला आणून दे, निल्सेयाच्या भाराचे पाव देते. एकशेतीस किलो! असा नवस या गावात कुणी बोललेला नाही. कुठल्या संताने तोंड फिरवलं असतं? आणि मग तू गेलीस आणि जठर कापून आलीस. दर महिन्याला कमी, दर महिन्याला कमी. मी त्याला सांगत होते, थांब रे बाबा, भरेल ती परत. सत्तर किलोसाठी तो कशाला समुद्र ओलांडेल?"

"आणि मग त्याला उलटा का खोचलास?"

"उशीर करतो म्हणून. देणंही कबूल करायचं आणि कानही पिळायचा. दोन्ही लागतं."

"आई, अगं..."

"आणि हे बघ," ती एकदम उभीच राहिली. "तू दोन किलो वाढलीस आणि पार्सल आलं. आलं की नाही? दोन किलोत पट्टा आला. वीस किलोत माणूस येईल. आणि पट्टा बघ, त्यालाही माहीत आहे तुझं खरं माप कुठलं ते!"

मला हसू येत होतं आणि रागही येत होता, आणि त्यातच रडू फुटलं. तिने चरबीचाच हात माझ्या केसांवरून फिरवला. म्हणाली, "दाराबाहेर मी काढलं तिला. आणायला मीच जायला हवं. पाय चालत नाहीत, म्हणून त्याला पाठवलाय."

तुला दोष देत नाही. फक्त एवढं कळू दे, की चार वर्षं तुझं नाव या घरात निघत नव्हतं ते का. ते सगळं माझ्या सुपात जात होतं.

काल वजनाला गेले. बहात्तरच. एक उपवास आणि देवाची दया. पुढे काय ते माहीत नाही.

निल्सेया


पेद्रा दो सिनो, २० मे

जुरेमा,

एकाहत्तर. घरचं सूप बंद, शाळेतच डबा बनवते आणि तिथेच खाते. आई बोलत नाही. तिच्या मते मी माझ्या बेंबीपायी तुला समुद्रात बुडवतेय. उलटा संत अजून बरणीत आहे, आणि हल्ली घेवडा काढताना मी त्याच्याकडे बघत नाही.

तू एक ओळ लिहिली असतीस तर तिने चरबीचा डबा खाली ठेवला असता. मागत नाही, सांगते.

निल्सेया


पेद्रा दो सिनो, १५ जून

जुरेमा,

नवस फेडला. आगाऊ.

ही युक्ती माझी. दुसरा मार्गच नव्हता, कारण आईने शाळेच्या शिपायाला पटवून माझ्या डब्यापर्यंत हात पोचवला होता. मी तिला म्हटलं, हे बघ, तू काय म्हणालीस संताला? निल्सेयाच्या भाराचे. किलो किती ते बोललीस का? नाही ना? मग आज माझा जो भार आहे तो माझा भार. आणि नवस फेडून टाकला की संत बांधला जातो. आगाऊ घेऊन काम न करणारा संत अजून जन्मायचा आहे.

"असं चालत नाही," ती म्हणाली. "आधी देव देतो, मग आपण."

आम्ही पाद्रीबाबांकडे गेलो. त्यांनी डोकं खाजवलं. आईला म्हणाले, "ओदेतबाई, संत काही वाणी नाही. पण गरिबांना पाव आधी मिळाले तर तो रागावेल असं मला वाटत नाही." घरी आल्यावर दारात आई म्हणाली, "मग सुकलेले पाव द्यायचे नाहीत. लोणी घालून."

चर्चच्या भट्टीत मी आणि झुलेइदेने दोन दिवस पाव भाजले. स्वतःच्या भाराचं पीठ स्वतः मळायचं म्हणजे काय असतं ते तुला सांगते: दंड दुखतात आणि माणसाला स्वतःविषयी आदर वाटायला लागतो. किती ओझं आपण विनातक्रार हिंडवत होतो! आणि एकशेतीस असते तर? झुलेइदे म्हणाली, "तर मी राजीनामा दिला असता."

तेरा तारखेला चौकात सगळं गाव. पताका, शेकोटी, मक्याचा केक, सगळं. तो जुना कॉफीच्या वखारीतला तराजू, एका पारड्यात खुर्ची बांधलेली. एके काळी मी त्या बाजूने जातसुद्धा नव्हते, कुणी थट्टेने बसवलं तर काय घ्या. काल परवापर्यंत ती भीती पायात होती. अबिलियुकाका पुढे उभे होते, आकडा ओरडायला. मी बसायला निघाले तर आईने तिची कापडी पिशवी माझ्या हातात दिली.

"जरा धर. माझे हात दुखतात."

हातात घेतली आणि समजले. बाबांचा बूट ठोकायचा लोखंडी पाय. ओट्याखाली धूळ खात पडलेला, तो. जन्मभर ज्याच्यावर त्यांनी आपल्या दोघींचे शाळेचे बूट ठोकले.

मी तिच्याकडे पाहिलं. ती शेकोटीकडे बघत होती, जसं काही तिचं नातं शेकोटीशीच.

पाद्रीबाबा म्हणाले, "ओदेतबाई, ती पिशवी?"

"माझी औषधं आहेत, बाबा. तिच्याशिवाय कुणाजवळ ठेवत नाही."

मी पिशवी मांडीवर घेऊन बसले. खाली ठेवली नाही. लोक पाव घालत गेले, टोपलीमागून टोपली, आणि माझं पारडं हलेना. अबिलियुकाकांचा चेहरा उतरला. ते माझं वजन ग्रॅमपर्यंत ओळखतात. हळूच म्हणाले, "निल्सेया, काय केलंस गं पोरी?" मी म्हटलं, "काका, आमचं घर आहे हे सगळं. घाला अजून." शेवटी झुलेइदे जास्तीची टोपली घेऊन आली आणि मी जमिनीपासून वर उचलले गेले. पाय हलत होते. बाबा मांडीवर, आई समोर, आणि तू तिकडे. मला फार बरं वाटलं. का ते विचारू नकोस.

आशीर्वादाचा एक पाव आईने पिठाच्या डब्यात ठेवलाय, वर्षभर पीठ संपू नये म्हणून. आणि घरी आल्यावर पहिलं काम, संताला सरळ उभा केला. त्याला म्हणाली, "मिळालं ना? आता निघ."

काल इस्पितळातलं सहावं वजन झालं. सत्तर आणि थोडं वर. डॉक्टरीणबाईंनी कागदावर शिक्का मारला, ९ ऑगस्टला भरती, दुसऱ्या दिवशी सकाळी शस्त्रक्रिया. परत विचारलं, "सोबत बहीणच ना? जवळ राहते ती?"

मी हो म्हटलं. नाही म्हटलं असतं तर तारीख गेली असती. खोटं बोलले म्हणून मला फारसं वाईट वाटत नाही. वाईट याचं वाटतं, की म्हणताना मला ते खरंच वाटलं.

आता मागते. ये.

निल्सेया


बेलो होरिझोन्ते, ९ ऑगस्ट, वॉर्डातून

जुरेमा,

ही चिठ्ठी नर्सच्या हातून बाहेर पाठवतेय, कारण मला आता खाटेवरून उठू देत नाहीत. पोटावर निळ्या पेनाने रेघा मारून ठेवल्या आहेत, उठले तर पुसतील म्हणतात. मी सध्या बेतलेलं कापड आहे.

नर्स आत्ता येऊन म्हणाली, "तुमची बहीण बाहेर बसलीय." मी म्हटलं, माझी नसेल. सकाळपासून मी डॉक्टरीणबाईंना काय थाप मारावी याच्याच विचारात होते. ती म्हणाली, "बॅग घेऊन आलीय, विमानाची चिठ्ठी अजून लटकतेय. बाकावर दोन माणसांची जागा घेऊन बसलीय, आत ये म्हटलं तर येत नाही." मी म्हटलं, मग नक्कीच माझी नाही, माझी बहीण काटकी आहे. तेव्हा ती म्हणाली, "नाकाखाली तीळ आहे. आणि सारखं एकच विचारतेय, तिचं वजन भरलं का, तिचं वजन भरलं का."



तर असं आहे होय. तू फोन बंद केलास तो रागाने, असं मी चार वर्षं धरून चालले. हल्ली फोनवर चेहरा दिसतो हे माझ्या ध्यानातच आलं नाही. बाबांच्या अंगणात तसं बोलून गेलेल्या बाईने, स्वतःच माझ्या जुन्या मापाची झाल्यावर, मग कुठल्या तोंडाने दिसावं! माझे गुडघे, तुझा फोन. दोघींनी अर्धंच सांगितलं.

आणि तो पट्टा. मी समजले माझ्या जुन्या मापाचा आणलास. दुकानात तू तो स्वतःला लावून पाहिलास ना? बहिणीचं माप म्हणून आपलंच दिलंस. तो इथे बॅगेत आहे. मी उसवू दिला नाही.

मला हसू आलं नाही, हे आधी सांगते. थोडं आलं, पण ते आईमुळे. तुला दारात बघून ती काय म्हणणार ते मला आत्ताच ऐकू येतंय. म्हणेल, "बघा, संताने एक किलोसुद्धा ठेवून घेतला नाही." मग ती तुला जेवायला वाढेल. डब्याकडे लक्ष ठेव.

ट्रॅक्टरचं मनावर घेऊ नकोस. उद्यापासून दोन आठवडे मी वाकून चालणार आहे, मला धरायला जाड माणूसच बरं.

आत ये. दारावर विचारतील, सोबत कोण, तर नाव मोठ्याने सांग. कुठे राहता विचारलं तर जवळच म्हण. मी सगळीकडे तसंच सांगितलंय.

निल्सेया